माठातला निवडुंग

दोन हजार अठरा साली, ज्या वर्षी पाऱ्याने मे महिन्याची वाट न बघता एप्रिलातच फॅरनहाइटची शंभरी गाठली, त्या वर्षी वाल्देनेग्रोंच्या घरासमोर विक्रीची पाटी लागली.

पाटी लावणारी परकी नव्हती. ती घरमालकीण तेन्चाची थोरली लेक ग्रासिएला; घरं विकायचा धंदा करायची. तिच्या कार्डावर मात्र नाव होतं ग्रेस. नदीच्या उत्तरेकडच्या गोऱ्या गिऱ्हाइकांची जीभ 'ग्रासिएला' म्हणताना अडखळते आणि अडखळलेला माणूस सही करत नाही, असं तिचं म्हणणं. पाटीवर तिचा फोटो होता. आईच्या दारात लेक दात दाखवत उभी आणि खाली लिहिलेलं : 'वाट दारातच!'

ती वाट. सगळं त्या वाटेनंच केलं.

तेन्चाचे सासरे सिप्रियानो यांनी ही जमीन घेतली तेव्हा फीनिक्स शहरात नदीच्या उत्तरेला मेक्सिकन माणसाला घर मिळत नसे. दक्षिणेला, डोंगराच्या अगदी कुशीत, जिथे ना रस्ता होता ना गटार आणि पायताणात पाय घालण्याआधी विंचू झटकावा लागे, तिथे मात्र या म्हणायचे, हवी तेवढी घ्या. 'मागे डोंगर आहे' हे तेव्हा घराचं वैगुण्य होतं. लग्न जमवताना मुलीचा तिरळेपणा सांगावा तसं हळू आवाजात सांगायचं. सिप्रियानोंनी बकऱ्या पाळल्या. बकऱ्या रोज त्याच अंगानं डोंगरावर चढायच्या, त्याच अंगानं उतरायच्या आणि त्यांच्या खुरांनी एक वाट पडली. पुढं बकऱ्या गेल्या, सिप्रियानो गेले, तेन्चाचा नवरा चेमाही गेला. मग महापालिकेची माणसं आली, त्यांनी वाटेच्या तोंडाशी फळा रोवला आणि तिचं नाव ठेवलं 'रानमेंढ्याची वाट'. त्या डोंगरात रानमेंढा कुणाच्या बापानं पाहिला नव्हता. पण बकरीच्या नावानं घरं विकली जात नसतात.

आणि घरं विकली जायला लागली. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, पोहायचा हौद आहे का. आता विचारायचं, वाट किती लांब आहे. वाटेपासून जितकं जवळ तितका भाव चढा. समोरच्या गल्लीतली जुनी घरं पाडून काचेची उभी राहिली. त्यांच्या पडवीत चालायच्या काठ्या, चालायचे बूट, पाठीवरच्या पाण्याच्या पिशव्या असं सगळं टांगलेलं असे आणि त्यावर कोळी निवांत संसार थाटत. देवळाशेजारी बिऱ्हाड हवं, पण काकड आरतीला उठायचं नाव नको, तशातली गत.

तेन्चा हे सगळं आपल्या फाटकाशी बसून पाहायची. फाटकाशी मेस्कीटचं जुनं झाड होतं आणि त्याच्या फांदीला शिंक्यात माठ टांगलेला होता, गोणपाटात गुंडाळलेला. शेजारी खिळ्याला पत्र्याचा पेला. हा माठ तिच्या सासूचा, रेफुहियाचा. रेफुहिया लहानपणी मेक्सिकोतल्या सोनोराहून वाळवंट तुडवत आली होती आणि तिचा धाकटा भाऊ त्या वाटेवरच राहिला, तहानेनं. घरावर छप्पर चढायच्या आधी तिनं झाडाला माठ चढवला. तेन्चा नवरी होऊन आली तेव्हा सासूनं तिला एकच गोष्ट बजावली होती : "चूल एखादा दिवस थंड राहिली तरी चालेल. माठ रिकामा दिसता कामा नये."

साठ वर्षं झाली, माठ रिकामा दिसला नव्हता. पहाटे भरला जाई, उन्हं कलल्यावर पुन्हा भरला जाई. वाटेनं येणारे-जाणारे प्यायचे, काही जण आभार मानायचे, काही जण फोटो काढायचे, आणि एकीनं तर पाणी गाळलेलं आहे का म्हणून विचारलं होतं. "हो," तेन्चा म्हणाली होती, "ढगांतून."

आता प्रश्न असा होता की हे घर, हे झाड, हा माठ सोडून एकोणऐंशीव्या वर्षी तेन्चानं म्हाताऱ्यांच्या त्या वसाहतीत जायचं की नाही, जिथे गोल्फची हिरवळ असते आणि दुपारी चारला जेवण. नाताळात तमालेस, म्हणजे मक्याच्या पिठाचे उंडे, वळायला सगळे जमले होते तेव्हा रिगोनं, तिच्या एकुलत्या एका मुलानं, हा विषय काढला. तेन्चाचे हात पिठात होते. ती पाठमोरी म्हणाली, "बघा काय करायचं ते." त्या घरात ह्या वाक्याचा अर्थ 'नाही' असा आहे हे ग्रासिएलाला जन्मापासून ठाऊक होतं. पण धंद्यातल्या बाईनं तो 'हो' असा लावला.

पाटी लागली त्याच आठवड्यातल्या शनिवारी घर लोकांना पाहायला खुलं ठेवायचं होतं. ग्रासिएला सकाळीच आली, गाडीभर सामान घेऊन.

"अमा, ही ग्वादालूपेची माता जरा आतल्या खोलीत ठेवते."

"का? तिनं काय घोडं मारलंय?"

"गिऱ्हाइकाला घरात स्वतःला बघता आलं पाहिजे. भिंतीवर तुमची देवी, तुमचे फोटो असले की त्याला वाटतं, आपण दुसऱ्याच्या घरात आलो."

"दुसऱ्याच्याच घरात आलाय तो," तेन्चा म्हणाली.

ग्रासिएलानं देवी हलवली. घेवड्याचं भांडं शेगडीवरून उतरवून गाडीत ठेवलं, कारण शिजत्या घेवड्याच्या वासानं म्हणे भाव पडतो. मग भट्टीत दालचिनीची बिस्किटं लावली. त्या वासानं भाव चढतो. तेन्चा खुर्चीवर बसून हा कारभार पाहत होती. आपलं घर दुसऱ्यासाठी नटताना पाहणं म्हणजे आपल्याच मयताला उठून बसण्यासारखं, तिला वाटलं.

मग ग्रासिएला बाहेर गेली आणि शिडी लावल्याचा आवाज आला. तेन्चा उठली.

"ग्रासिएला! माठाला हात लावू नकोस!"

"आजच्या दिवसापुरता, अमा. कुणी पाणी प्यायलं, पोट बिघडलं, की कोर्टात खेचतील. विमावाले काय म्हणतात माहीत आहे?"

"साठ वर्षांत एकाचं पोट बिघडलं नाही."

"साठ वर्षांत घरही विकायला काढलं नव्हतं."

माठ उतरला. त्याच्या जागी शिंक्यात नवा रंगीत माठ चढला, निळ्या फुलांचा, बाजारातला, आणि त्यात ग्रासिएलानं प्लास्टिकचा निवडुंग खोवला. तेन्चानं समोरच्या डोंगराकडे पाहिलं, जिथे तऱ्हेतऱ्हेचा निवडुंग फुकट उगवला होता, आणि मग लेकीकडे पाहिलं.

"तिथला काय महाग पडतो का?"

"तो बोचतो, अमा."

तेन्चानं धाकट्या लेकीला हाक मारली. "अंपारो! अगं बघ ही काय करतेय! सांग हिला काहीतरी!"

अंपारो अठ्ठेचाळीसची, शाळेत नर्स, लग्न न केलेली, आईपाशीच राहणारी. ती दारात आली. तिच्या हातात माठ भरायची बादली होती. माठ उतरलेला पाहून तिनं बादली खाली ठेवली आणि हात पुसले. तेन्चाला वाटलं, बिचारी, रडू दाबतेय.

दहाच्या सुमाराला रिगो आणि त्याची बायको डार्लीन आले. डार्लीन मूळची ओहायोची, उत्साहाचा धबधबा. डोक्यापासून पायापर्यंत डोंगर चढायचे कपडे घातले होते; त्या कपड्यांना डोंगर माहीत नव्हता.

"ममा, आम्ही घर बघितलं!" तिनं तेन्चाच्या गळ्यात हात टाकले. "पश्चिमेला, नव्या वसाहतीत. तिथं स्वतःची वाट आहे! फक्त रहिवाशांसाठी!"

"डोंगर कुठंय तिथं?"

"डोंगर नाही. पुराच्या पाण्यासाठी खड्डा केलाय ना, त्याच्या भोवतीनं वाट आहे. बाक आहेत. रात्री दिवे लागतात."

"खड्ड्याभोवती फिरायला घर घेताय?"

रिगोनं घसा साफ केला. "अमा, हे घर विकलं की तुझी व्यवस्था लागेल, आणि थोडं आम्हालाही..."

"हां," तेन्चा म्हणाली. "म्हणजे माझा डोंगर विकून तुझा खड्डा."

अंपारो खुदकन हसली. रिगोनं तिच्याकडे डोळे वटारले, तसं तिनं बिस्किटांच्या ताटात डोकं घातलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते लिंडक्विस्ट नवरा-बायको. मिनेसोटाचे, निवृत्त, गुलाबी. फेब्रुवारीत ते इथं सुट्टीला आले होते आणि त्या गुलाबी हवेत, रानफुलांत, रानमेंढ्याच्या वाटेवर चालताना ऑर्विल लिंडक्विस्ट यांना साक्षात्कार झाला होता की उरलेलं आयुष्य इथेच. फेब्रुवारीत वाळवंट पाहणं म्हणजे नवरा मुलगा त्याच्या आईच्या देखत पाहणं. पण गिऱ्हाइकानं शहाणं असावं असा धंद्यात नियम नसतो.

ग्रासिएलाची एक रीत होती आणि तिला तिचा अभिमान होता. ती आधी वाट चालवायची, मग घर दाखवायची. घामेजून, दमून, डोंगराच्या प्रेमात पडून माणूस खाली उतरला की त्याला भिंतीची भेग दिसत नाही. पण ते उजाडताना करायचं. लिंडक्विस्ट पती-पत्नी न्याहारीला रेंगाळले होते आणि आता अकरा वाजत आले होते.

"आज नको," तेन्चा म्हणाली. "ऊन चढलंय. घर बघा, थंड प्या, उद्या पहाटे या."

"अहो आजी," ऑर्विल हसले, "आमच्याकडे नाकातला श्वास गोठतो. ह्या उन्हाला काय घाबरायचं?"

"थंडीत माणूस घरात पळतो. उन्हात त्याला वाटतं, अजून थोडं जाऊ."

"अमा, मी ह्या वाटेवर लहानाची मोठी झाले," ग्रासिएला गिऱ्हाइकाकडे बघून गोड हसत म्हणाली. आणि ते खरंच होतं. फक्त ती तिथे मोठी झाली त्याला तीस वर्षं झाली होती, आणि त्यानंतर तिनं त्या वाटेची पायरी चढली ती गिऱ्हाइकाला पहिल्या वळणापर्यंत पोचवायला. तिनं गाडीच्या डिकीतून चालायचे बूट काढले. गिऱ्हाईक असलं की ती स्वतः घालायची ते. तीन उन्हाळे ते डिकीत भाजून निघाले होते. माणशी पाण्याची एकेक चिमुकली बाटली, त्यावर ग्रासिएलाचा फोटो. तिघं निघाले.

गेले ते गेलेच.

तेन्चा झाडाखाली खुर्ची टाकून बसली. आणखी दोन जोडपी आली, बिस्किटं खाऊन, नळ उघडून-मिटवून गेली. डार्लीन घड्याळ बघायला लागली. रिगो म्हणाला, येतील. डार्लीन म्हणाली, मी मदत मागवते. रिगो म्हणाला, उगीच तमाशा नको. डार्लीननं फोन लावला. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याचं न ऐकता केलेली ही पहिली गोष्ट, आणि ती थेट हेलिकॉप्टर घेऊन आली.

पण हेलिकॉप्टरच्या आधी ऑर्विल आले. वाटेवरून एक लालबुंद आकृती खाली येताना दिसली, बीटरूटला पाय फुटावेत तशी. चाल विचित्र होती. फाटकातून शिरताच त्यांना झाड दिसलं, माठ दिसला, खिळ्याला पेला दिसला. फेब्रुवारीत ते ह्याच झाडाच्या माठातलं पाणी प्यायले होते. त्यांनी पेला बाजूला सारून थेट हातच माठात घातला आणि मूठभर प्लास्टिकचा निवडुंग बाहेर काढला.

ते त्या निवडुंगाकडे बघत राहिले. असा निराश माणूस तेन्चानं चेमाच्या दफनातही पाहिला नव्हता.

मग त्यांना भिंतीकडेला पडलेली बागेची नळी दिसली.

"नको!" तेन्चा, अंपारो आणि रिगो तिघं एकदम ओरडले. पण त्यांनी नळी उचलून तोंडावर सोडली होती. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी चहाचं असतं. आधी जमिनीवर सोडून द्यायचं, मग प्यायचं, हे इथल्या पोरांना चालायला लागायच्या आधी कळतं. मिनेसोटाला ते कळायचं कारण नव्हतं. ऑर्विल लिंडक्विस्ट यांनी जी आरोळी ठोकली ती डोंगरावर जाऊन परत आली.

मागून ग्रासिएला आली, जॉइस लिंडक्विस्टच्या खांद्यावर भार टाकून. एका बुटाचा तळ उकलून गळून पडला होता, दुसऱ्याचा जिभेसारखा लोंबत होता. केस कपाळाला चिकटलेले, ओठ फाटलेले. वर फाट्यापाशी तिनं 'लहानपणची जवळची वाट' म्हणून बकऱ्यांची जुनी उतरण धरली होती आणि ती उतरण बकऱ्यांबरोबरच संपली होती. सावली शोधून ऑर्विल जिथे टेकले तिथे चोया होता, आयता अंगाला चिकटणारा निवडुंग, ज्याचं एक बोंड सोडवायला गेलं की दुसरं धरतं.

"पाणी," ग्रासिएला म्हणाली.

अंपारो आतून तांब्या घेऊन आली. "हळू. घोट घोट. गटागटा प्यायलीस तर उलटेल." मग ती ऑर्विलना म्हणाली, "तुम्ही आत चला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथे व्हा. मी फणी आणते."

"फणी?"

"चोया फणीनंच निघतो. लाजू नका, शाळेत रोज एक तरी पोरगं असंच पालथं घालते."

आणि नेमकं तेव्हा हेलिकॉप्टर आलं. सगळे सुखरूप खाली उतरल्यावर ते घरावर घिरट्या घालू लागलं. त्याच्या वाऱ्यानं मेस्कीटच्या शेंगा गारांसारख्या बरसल्या, विक्रीच्या पाटीला बांधलेले फुगे सुटले, ग्रासिएलाचा दात दाखवणारा फोटो उडून शेजाऱ्याच्या हौदात पडला. शेजारी घडीच्या खुर्च्या घेऊन बाहेर आले. स्थानिक वाहिनीचा माणूस कॅमेरा घेऊन आला. संध्याकाळच्या बातम्यांत वाल्देनेग्रोंचं घर, झाड, मागे तांबडा होत गेलेला डोंगर, सगळं अर्धा मिनिट दिसलं.

"संपलं," रिगो कपाळावर हात मारून म्हणाला. "आता हे घर कुत्रंसुद्धा घेणार नाही."

पण त्याला माणसं कळली नव्हती. रविवारी दुपारपर्यंत ग्रासिएलाच्या फोनला उसंत नव्हती. बातम्यांत डोंगर फार सुरेख दिसला म्हणे. हेलिकॉप्टर येतं म्हणजे वाट अस्सल असणार म्हणे. आणि सगळ्यात चढा भाव लिंडक्विस्टांनी लावला. जॉइस फोनवर म्हणाली, "ऑर्विलला त्या डोंगराचा लळा लागलाय." चोया अंगात शिरल्यावर लळा लागतो, हे खरंच.

रविवारी सगळे पुन्हा स्वयंपाकघरात जमले. ग्रासिएला मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसली होती. घेवडा पुन्हा शेगडीवर चढला होता.

"रांग लागलीय, अमा," रिगो म्हणाला. "अशी संधी परत येत नाही. आज हो म्हण."

"माझा माठ कुठं ठेवलायस, ग्रासिएला?"

"पडवीत आहे. अमा, ऐक..." ग्रासिएलानं पाय पाण्यात हलवले. "नको विकूस."

रिगोला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय? पाटी तू लावलीस!"

"हो, मीच लावली. काल वर, त्या दगडाला टेकून बसले होते तेव्हा मला फक्त तो माठ दिसत होता. घर नाही, भाव नाही, माठ. आणि मग आठवलं, तो मीच उतरवलाय."

"ऊन लागलंय तुला."

"लागलंय खरं."

तेन्चाचा चेहरा फुलला. थोरली अशी वळेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ती ताठ बसली. "ऐकलंस, रिगो? आणि मी गेले तर माझा माठ कोण भरणार? साठ वर्षं मी तो माठ..."

"तू?"

हे अंपारो म्हणाली. शेगडीपाशी ती घेवडा ढवळत होती, पाठमोरी. एरवी अंपारो मध्ये बोलत नसे.

"तुझा खांदा दुखावला, अमा, तेव्हा मी शाळेत नोकरीला नुकती लागले होते. तेव्हापासून पहाटे बादली कोण उचलतं? संध्याकाळी कोण? सान दिएगोला मला नोकरी आली होती. समुद्राकाठी. तू म्हणालीस, जा की, पण माठाचं काय? मी गेले नाही."

"मी तुला धरून ठेवलं नव्हतं."

"नाही. 'बघ काय करायचं ते' म्हणालीस."

घेवड्याचं झाकण खडखडत होतं. ते कुणी उचललं नाही.

"मला वाटलं तू माझ्या बाजूची आहेस," तेन्चा म्हणाली.

"मला वाटत होतं रिगोनं हे घर विकावं." अंपारो वळली. तिचे डोळे कोरडे होते. "काल माठ उतरलेला बघितला आणि मला इतकं हलकं वाटलं, अमा, की मी घाबरले."

रिगो संधी साधून म्हणाला, "बघ! अंपारोसुद्धा—"

"तू गप," अंपारो म्हणाली. "तुझ्या खड्ड्यासाठी नाही."

तेन्चा उठली आणि कुणाचा हात न धरता बाहेर गेली. पडवीत गोणपाटातला माठ कोपऱ्यात बसला होता, शेजारी अंपारोची बादली. तिनं नळाखाली बादली भरली. उजव्या हातानं उचलून पाहिली, डाव्यानं, मग दोन्ही हातांनी. बादली गुडघ्याच्या वर आली नाही. ती तशीच उभी राहिली. बादलीच्या कडीला अंपारोनं चिंधी गुंडाळली होती, हाताला वळ उठू नयेत म्हणून. ती चिंधी काळी पडून कडीचाच भाग झाली होती. ती किती जुनी असेल ह्याचा तेन्चाला अंदाज लागेना, आणि इतकी वर्षं ती दिसली कशी नाही ह्याचाही.

बऱ्याच वेळानं ती आत आली.

"पाटी काढ," ती ग्रासिएलाला म्हणाली. "घर मी जिवंत असेतो विकायचं नाही."

"अमा!" रिगो उठला.

"बस. घेवडा खाऊन जा." मग ती अंपारोकडे वळली. "आणि तू जा, मिहा, लेकी. मी 'बघ' म्हणत नाहीये. जा म्हणतेय."

"आणि माठ?"

"माझा आहे ना? मी बघीन."

रिगो घेवडा न खाता गेला. डार्लीन मात्र बसून दोन वाट्या खाऊन गेली. कुणाची बाजू घ्यायची हे तिनं पोटाला विचारलं होतं.

पुढं काय झालं ते असं.

रिगोनं कर्ज काढून खड्ड्याकाठचं घर घेतलंच. वर्षभरात पलीकडे मोठ्ठं गोदाम उभं राहिलं आणि दिवसरात्र ट्रक मागे घेतानाचा टुंय टुंय आवाज यायला लागला. डार्लीन मात्र रोज खड्ड्याला फेऱ्या घालायची आणि दहा पौंड उतरली. निळ्या फुलांचा तो माठ, निवडुंगासकट, तिनं मागून घेतला होता. तिच्या दारात तो छान दिसायचा.

लिंडक्विस्टांनी समोरचं काचेचं घर घेतलं. दोन हिवाळे राहिले, एक उन्हाळा राहून पाहिला आणि पावसाची वाट न बघता मिनेसोटाला गेले. त्यांच्या चालायच्या काठ्या पडवीत राहिल्या. पुढच्या गिऱ्हाइकाला त्या घराबरोबर मिळाल्या आणि त्यानं भाव थोडा वाढवून दिला.

ग्रासिएलानं घरं विकणं सोडलं नाही. कार्डावर नाव मात्र पुन्हा ग्रासिएला लिहिलं. गिऱ्हाईक अडखळलं की ती म्हणायची, पाणी प्या आणि परत म्हणा. नवऱ्याशी फाटल्यावर ती आईकडे राहायला आली, आणि दोन हजार तेवीसच्या त्या उन्हाळ्यात, जेव्हा रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असायच्या, तेन्चा दुपारच्या झोपेतून उठली नाही. दफनाहून परतल्यावर ग्रासिएलानं आधी माठ भरला, मग कपडे बदलले.

आणि अंपारो. पाटी निघाली त्याच उन्हाळ्यात तिनं, सान दिएगोला जायचं वय गेलं म्हणत, शहराच्या मधोमध तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. दलाल तिला वाट दाखवायला लागला तेव्हा ती म्हणाली, "वाट नको. लिफ्ट आहे का, आणि कोपऱ्यावर वाणी?" खिडकीतून डोंगर दिसत नाही ना, हेही तिनं विचारून घेतलं.

तिथं राहायला गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती बसनं आईकडे आली. ऊन होतं. फाटकाशी ती थांबली. झाडाखाली जुना माठ टांगलेला होता, पण आता कमरेइतका खाली, तेन्चाचा हात पोचेल असा, आणि खाली, तो भरायला, बादलीऐवजी चहाची किटली. अंपारोनं खिळ्याचा पेला घेतला, बुडवला आणि उभ्यानंच प्यायली. बादली हाती आल्यापासून त्या माठातलं दुसऱ्या कुणी भरलेलं पाणी ती पहिल्यांदाच पीत होती.

खिडकीतून तेन्चाचा आवाज आला, "गार आहे का?"

"आहे. पण अर्धाच भरलाय, अमा."

"हात अर्धाच उठतो."

अंपारोनं एकदा किटलीकडे पाहिलं. मग पेला पुन्हा बुडवला आणि सावकाश, वाटसरूसारखी, दुसरा पेला प्यायली.